थेरेमिन की कॅमेरावाला सेन्सर? हवेत हात फिरवून वाजवायचंय त्यांच्यासाठी

गेल्या महिन्याभरात दोघातिघांनी विचारलं, हात न लावता वाजवायचं काहीतरी घ्यायचंय, काय घेऊ. माझ्याकडे दोन्ही आहेत, आधी सेन्सर आला आणि दोन वर्षांनी थेरेमिन, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. थेरेमिन म्हणजे दोन अँटेनांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, उजवा हात एकीजवळ हलवला की सूर बदलतो, डावा दुसरीजवळ हलवला की आवाज लहानमोठा होतो. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याने हात बघून कॉम्प्युटरमधले आवाज वाजवणारी डबी. थेरेमिन कधी ऐकलं नसेल तर आधी ते वाजवणाऱ्या क्लारा रॉकमोरचं रेकॉर्डिंग शोधून ऐका आणि मग पुढचं वाचा.

हाताची हालचाल ओळखणारे हातमोजे आणि अंगठीही मिळतात, त्यांचा विषय लगेच मिटवतो. ब्रिटिश गायिका इमोजेन हीप असे मोजे घालून जे करते ते बघून मलाही मोह झाला होता, किंमत बघितली आणि उतरला. मोशनवाली अंगठी एका मित्राकडे दहा मिनिटं घालून पाहिली, कीबोर्ड वाजवता वाजवता फिल्टर उघडायला, म्हणजे दबका आवाज उजळ करायला, झकास आहे, पण अख्खा सूर तिच्यावर काढायचा म्हटलं तर जमणार नाही.

आता सेन्सर. केबल लावली की अर्ध्या तासात आवाज निघतो, हेडफोन घालून रात्री दोनला वाजवा, सतार लावा, व्हायोलिन लावा, शेजारी कोणी दार वाजवणार नाही. सेटिंगमध्ये मात्र माझा एक आठवडा गेला. सुरुवातीला मींड जिन्यावरून उतरल्यासारखी यायची, कारण मिडी म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर एकमेकांना सूचना देतात ती भाषा, आणि तिच्यातल्या साध्या कंट्रोलला १२८ च पायऱ्या असतात. मग पिच बेंडवर, म्हणजे सूर वरखाली सरकवण्याच्या वेगळ्या सूचनेवर गेलो, तिथे १६,३८४ आहेत, पण त्याची रेंज सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये एक आणि आवाज काढणाऱ्या सिंथमध्ये दुसरी, त्यामुळे हात सा वरून पंचमाला जायचा आणि आवाज जेमतेम रिषभापर्यंत. दोन्हीकडे सारखी केली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

चालवून नाही घेता आलं ते वेगळंच. या सेन्सरला हात *दिसावा* लागतो. तळहात आडवा, बोटं सुटी, तोपर्यंत सगळं छान. पण गाणाऱ्या माणसाचा हात काय तसा राहतो का? दरबारीचा कोमल गंधार आंदोलन देत धरायचा तर मनगट आपोआप वळतं, पंजा उभा होतो, बोटं एकामागे एक लपतात आणि त्या क्षणी सेन्सरच्या हिशेबी हातच नसतो. सूर कट. पुढच्या क्षणी हात परत सापडतो आणि सूर नव्याने सुरू होतो, तोही नेमका सोडला तिथूनच होईल असं नाही. आईला ऐकवत होतो तेव्हा दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "त्याला उचकी लागलीय का रे?" त्यानंतर मला त्यात दुसरं काही ऐकूच येईना.

माझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, हे सेन्सर इन्फ्रारेडवर बघतात आणि उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे चारनंतर ऊन आत आलं की उचक्या दुप्पट. जाड पडदा लावला, थोडा फरक पडला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला वाटतं दोष त्या एका मॉडेलचा नाहीये, मुळातल्या कल्पनेचा आहे. ही वस्तू माऊसच्या दुनियेतून आलेली, तिथे स्क्रीनवरचा बाण क्षणभर हरवला तर कोणाचं काही बिघडत नाही. सुराचं बिघडतं.

थेरेमिन त्याच्या उलट्या घरातून आलंय. लेव तेरमेन भौतिकशास्त्रवाला होता पण चेलोही वाजवायचा, आणि १९२० च्या सुमारास पेत्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रयोगशाळेत त्याने हे काढलं. चेलो म्हणजे मोठं व्हायोलिनच, त्याला सतारीसारखे पडदे नसतात, सारंगीसारखाच सूर सलग सरकतो. थेरेमिनच्या आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं तयार करणारी सर्किटं, एक स्थिर आणि दुसरा तुमच्या हाताने जरासा हलणारा, दोन्हींच्या फ्रिक्वेन्सीतला फरक म्हणजे तुम्हाला ऐकू येणारा सूर. इथे कोणी तुमचा हात शोधत बसत नाही. मूठ करा, पंजा उभा करा, पाठ फिरवा, सूर चालूच. बेसूर असेल, पण तुटक नाही.

आणि बेसूर असतोच हो, ते लपवत नाही. भूपाचा साधा आरोह धड यायला मला चार महिने लागले, फोनवर तंबोरा लावून रोज. अँटेनाच्या जवळ स्वर इतके दाटीवाटीने असतात की बोट हललं की पुढचा स्वर. तुम्ही डुललात तर सूर डुलतो, बाजूने कोणी चहा घेऊन आलं तर सूर चढतो. लोखंडी कपाटापासून लांब उभं राहायचं, आधी पंधरावीस मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्यायचं. पावसाळ्यात जास्त सरकतं असं मला वाटतं, मोजलेलं नाही. डाव्या हाताने आवाज मिटवायला शिकला नाहीत तर सगळं अ‍ॅम्ब्युलन्ससारखं ऐकू येतं. ताना विसरा. बऱ्याच अ‍ॅनालॉग मॉडेलना हेडफोन लावायची सोयही नसते, म्हणजे ते चार महिने घरच्यांचेही.

मधला पर्याय म्हणून डिजिटल थेरेमिन आहे, सूर सुधारण्याचं बटण असलेलं. एका ओळखीच्यांकडे वाजवलं. बटण पूर्ण फिरवलं तर भैरवातला उतरलेला कोमल रिषभ ते उचलून पियानोच्या जागी नेऊन ठेवतो, शून्यावर ठेवलं तर बरं आहे. हेडफोन लागतो, नवशिक्याला वाईट नाही.

तुम्हाला स्टेजवर लाइट आणि व्हिज्युअल हलवायचे असतील, डीजे सेटमध्ये फिल्टर खेळवायचा असेल, किंवा घरात लहान मुलं असतील तर सेन्सर घ्या, मनापासून सांगतोय, माझी भाची त्याच्यावर ढोल वाजवते आणि तिला उचकीबिचकी काही जाणवत नाही, ढोलाला कुठे मींड असते. पण गळ्यात आहे ते हातातून काढायचं असेल तर, म्हणजे तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण मी परत थेरेमिनच घेईन.

आणि ऑर्डर करण्याआधी खोलीतल्या प्लगला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. थेरेमिनला ते लागतं. मी तीन आठवडे स्वतःच्या हाताला शिव्या देत होतो, शेवटी प्लेट उघडली तर तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती.