एकच खातं, वेगळी खाती की तीन खाती? खर्चाच्या सवयी न जुळणाऱ्या जोडप्यांसाठी

एकाला पगार झाला की बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात चक्कर मारल्याशिवाय चैन पडत नाही, दुसऱ्याचा सगळा जीव रिकरिंगच्या पासबुकात. अशा घरात भांडण होतं ते बहुतेक वेळा रकमेवरून नाही, न विचारता खर्च केला यावरून. म्हणून पैसे कसे ठेवायचे हे ठरवताना कोण जास्त कमावतं यापेक्षा कोणाला किती मोकळीक लागते आणि पैसा घरात कधी येतो, हे आधी बघा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. उद्यमबागेतल्या कारखान्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, पण उसाचं नाहीतर तंबाखूचं बिल वर्षातून एकदा-दोनदाच येतं.

सगळं एकाच खात्यात

हिशेब सोपा राहतो. सवयी जवळपास सारख्या असतील किंवा कमावणारं एकच असेल, तर हे चालून जातं. खातं उघडताना मात्र व्यवहार कोण करणार तो रकाना नीट विचारून भरा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने सगळी रक्कम काढू शकतं, बँक दुसऱ्याला विचारत नाही. ‘जॉइंटली’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात, पण त्या खात्यावर यूपीआय चालत नाही. त्यामुळे रोजच्या खर्चाला पहिला प्रकार आणि मोठ्या बचतीला दुसरा, अशी वाटणी बरी.

सवयी वेगळ्या असतील तर इथे बिघडतं ते असं: प्रत्येक मेसेजवर काटकसरी माणूस विचारतो, “हे चारशे कसले?” खर्चिक माणूस मग एटीएममधून रोख काढायला लागतो. खर्च तेवढाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

ज्याचं त्याचं वेगळं

मोकळीक भरपूर, आणि दोघांची मिळकत सारखी असेल तर अडचण कमी. पण “घरखर्च निम्मा-निम्मा” हा नियम वरून न्याय्य वाटला तरी मिळकत असमान असेल तर अन्यायच करतो. नवरा 32,000 आणि बायको 18,000 कमावते, घरखर्च 30,000 आहे असं धरा. प्रत्येकी 15,000 दिले तर त्याच्याकडे 17,000 उरतात आणि तिच्याकडे 3,000. मग तिची साडी उधळपट्टी ठरते आणि त्याचा मोबाईल गरज.

दुसरा धोका लपलेल्या कर्जाचा. क्रेडिट कार्डवर नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर जातं. लग्नामुळे दोघांचा सिबिल स्कोअर एक होत नाही, पण घरकर्जाला दोघं सहकर्जदार झाले की एकाचा खराब स्कोअर दुसऱ्यालाही आडवा येतो.

तीन खाती: घराचं एक, आपापली दोन

सवयी खरोखरच वेगळ्या असतील तर आमचा कौल यालाच. वरच्याच उदाहरणात वाटा मिळकतीच्या प्रमाणात काढा: 50,000 पैकी त्याचे 32,000 म्हणजे 64 टक्के, तिचे 36 टक्के. घरखात्यात त्याचे 19,200 आणि तिचे 10,800 जातात. हाती उरतात 12,800 आणि 7,200. त्यातून बचतीचा आकडा ठरवून बाजूला टाकायचा आणि राहिलेल्याचा हिशेब एकमेकांना मागायचा नाही. या शेवटच्या अटीशिवाय तिसऱ्या खात्याला अर्थ नाही.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी वाटा आपोआप घरखात्यात जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेला द्या. “राहतील ते भरू” म्हटलं की खर्चिकाचा वाटा तिसऱ्या महिन्यात चुकतो. घरखात्याच्या व्यवहारांचे मेसेज दोघांच्या मोबाईलवर येतील असं बघा. पगार बदलला की टक्केवारी पुन्हा काढा. गणपती, शाळेची फी आणि गावची महालक्ष्मी यात्रा यांसाठी घरखात्यातूनच वेगळी रिकरिंग काढा. यात्रेला पाव्हणे किती येतील ते आधी कळत नाही आणि तिथेच महिन्याचं गणित कोसळतं.

शेतीच्या घराला हेच थोडं फिरवून वापरावं लागतं. बिल जमा झालं की आधी कृषी पत्तीनचं, म्हणजे गावच्या शेती सहकारी सोसायटीचं, पीककर्ज फेडा, कारण कर्नाटकात 5 लाखांपर्यंतचं बिनव्याजी पीककर्ज वेळेत भरलं तरच बिनव्याजी राहतं. मग खत-औषधांच्या दुकानाची उधारी आणि खोडव्याचा खर्च. समजा 96,000 उरले, तर ते ‘जॉइंटली’ खात्यात ठेवून महिन्याला 8,000 घरखात्यात घ्या. सगळी रक्कम रोजच्या खात्यात राहिली तर जानेवारीत श्रीमंती आणि जुलैत उसनवारी ठरलेली.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 बायकोला येत असतील तर ते तिच्या वाट्यातून वजा करू नका, तिचेच राहू द्या. हप्ता वेळेवर येईलच असं नाही, म्हणून त्यावर ईएमआय बांधू नका. ही रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात येते. नवीन घरखातं उघडताना अनुदानासाठी आधार त्याला जोडलं, तर पैसे तिकडे वळतात. “हप्ता बंद झाला” असं वाटलं तर आधी हे तपासा.

भिशी काटकसरी माणसाला ठीक. बारा जणांची 2,000 ची भिशी खर्चिकाने पहिल्याच नंबरला उचलली, तर 24,000 खर्चून पुढचे अकरा हप्ते घरावर बसतात. त्याने किंवा तिने शेवटचे नंबर घ्यावेत.

बचत कुठे ठेवता यावरूनही वाद होतात. एकाला सौहार्द सोसायटीचं (कर्नाटकातली सहकारी पतसंस्था) जादा व्याज हवं असतं, दुसऱ्याला बँक. बँकेत, मग ती सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विमा असतो. सौहार्द आणि पतसंस्थांना तो लागू नाही. अडीनडीचे तीन महिन्यांचे पैसे, वरच्या उदाहरणात 90,000, बँकेतच हवेत. कर वाचवायला नवऱ्याने बायकोच्या नावे ठेव केली, तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

माहेरहून आलेलं सोनं मात्र यातल्या कुठल्याच खात्यात धरू नका. ते स्त्रीधन आहे. घराच्या अडचणीला तारण ठेवायचं झालं तर तिच्या संमतीने, आणि सोडवण्याचा हप्ता घरखात्यातून.