जळगावची सीट घ्यावी की वर्षभर थांबावं?

तीन वर्षांच्या एलएलबीला जळगाव-धुळ्यात सीट मिळतेय, पण मन पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमध्ये अडकलंय. सीट घेतली तर घरचं जेवण मिळतं, खोलीभाडं वाचतं, जिल्हा न्यायालयही जवळच. वकिलीची सनद दोन्हीकडून सारखीच.

थांबायचं तर सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, नव्याने द्यावी लागते. यंदाचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसतानाही प्रश्न सोडवायचे राहून गेले असतील, तर ते वेळेचं गणित चुकल्याचं लक्षण. तिथे वर्ष कामी येतं. पण पायाच कच्चा असेल आणि रोज चार तास निघणार नसतील, तर सीट सोडू नका. राखीव जागेसाठी लागणारं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपतं. थांबणाऱ्यांची फसगत इथेही होऊ शकते.