कॉपर बीच, कोशिंब की ताम्हण? सातारा-सांगलीच्या अंगणासाठी

परदेशातल्या मुलाने तांबड्या पानांच्या बीचचा, म्हणजे कॉपर बीचचा, फोटो पाठवला की आपल्याही अंगणात तेच झाड हवं असं वाटू लागतं. त्यात नवल नाही, झाड देखणंच आहे. जांभळट-तांबूस पानं, करडं गुळगुळीत खोड. कुंपणासारखं छाटत ठेवलं तर वाळलेली पानंही हिवाळाभर फांदीला धरून राहतात. पण प्लॉट साताऱ्यात किंवा सांगलीत असेल, तर पैसे मोजण्याआधी कोशिंब आणि ताम्हण ही आपली दोन झाडं त्याच्या शेजारी ठेवून बघा.

आधी थंडीचं. बीच युरोपातला. हिवाळ्यात पानं गाळतो आणि लांबलचक थंडी मिळाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. साताऱ्यात जानेवारीच्या पहाटे हुडहुडी भरते खरी, पण दुपारी ऊन चटके देतं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा पाणी कितीही घाला, पानांच्या कडा करपणारच. ‘मग महाबळेश्वरच्या बंगल्यात लावू’ असंही कुणी म्हणेल. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या वर, हवा गार, सगळं कबूल. पण वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि बीचच्या उथळ मुळांना साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. शिवाय लागते तेवढी थंडी महाबळेश्वरातही पडत नाही. कुंडीत लावल्याने हवामान बदलत नाही, त्यामुळे तोही मार्ग सोडा.

तांबडी पालवी हीच मुख्य हौस असेल, तर कोशिंब. काही भागांत याला कुसुंब म्हणतात. फाल्गुन-चैत्रात आजूबाजूचं रान वाळकं दिसत असताना हे झाड लालभडक होतं. एक गोष्ट मात्र बीचच्या बाजूने सांगायला हवी: त्याचा रंग मोसमभर बऱ्यापैकी टिकतो, कोशिंबाचा काही आठवडेच, मग पानं हिरवी होतात. पण सावली गर्द, मुळं खोल, आणि रुजल्यावर मुरमाड जमिनीतही तग धरणारं झाड, म्हणून साताऱ्याच्या डोंगरउताराला मी हेच सुचवेन. वाढ संथ असते, आणि मोठं झाल्यावर घेर चांगलाच पसरतो. भिंतीपासून पंचवीस फूट सोडता येत नसतील तर नाद सोडा. आंबट फळांचा सडा पडतो, त्यामुळे खाली गाडी लावायची नाही.

लहान प्लॉट असेल आणि काळी माती असेल, म्हणजे सांगलीकडचं बहुतेक चित्र, तर ताम्हण. राज्याचं फूल म्हणून त्याला मान आहेच, पण इथे महत्त्वाचं हे की मुळात ते ओढ्या-नद्यांकाठचं झाड आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कृष्णाकाठच्या अंगणात काही दिवस पाणी थांबलं तरी मोठं झालेलं ताम्हण सहसा सावरतं. बीच तिथे कुजेल. चार-पाच वर्षांत फुलं दिसू लागतात. एप्रिलपासून जांभळे तुरे येतात आणि गळण्याआधी पानंही तांबूस होतात. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, म्हणून छाटणी थंडीतच उरका. मार्चमध्ये कात्री चालवलीत तर त्या वर्षीचा बहर गेला.

देखभालीत कोशिंब आणि ताम्हण यांच्यात फार फरक नाही. जूनमध्ये दोन-तीन दमदार पाऊस झाले की लावा. नर्सरीच्या पिशवीत मुळांचा वेटोळा झाला असेल तर तो मोकळा करा. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला भरपूर पाणी द्या. रोजचं शिंपडणं नको, त्याने मुळं वरच राहतात. आळ्यात उसाचं पाचट पसरा, आपल्याकडे ते फुकटात मिळतं, पण खोडाला टेकवू नका, वाळवी लागते. शेळ्यांपासून जपायला जाळी हवीच.

जागा निवडताना आणखी एक. नगरपालिका, महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे; पुढे झाड अडचणीचं झालं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. विजेच्या तारा आणि शेजाऱ्याची गच्ची खड्डा घेण्याआधीच पाहून घ्या.