पंपवाला की बिनपंपाचा? क्रेनला व्हॅक्यूम लिफ्टर लावायचा ठरवताना

धुळ्याला अवधान एमआयडीसीत आमच्या साडूंनी नवी शेड घातली आहे. दोन टनी क्रेन चढली, प्लाझ्मा कटिंगचं टेबल आलं, आता गाडी व्हॅक्यूम लिफ्टरपाशी अडली आहे, म्हणजे क्रेनच्या हूकला लटकून रबरी पॅडनं प्लेट चोखून धरतं ते साधन. रात्री जेवणं झाली की त्यांचा फोन ठरलेला, "मग काय, कुठला घेऊ?" फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगून माझंच समाधान होईना, म्हणून लिहून काढतोय. मी जळगावच्या माझ्या शेडमध्ये दोन्ही वापरलेत. आधी घेतला तो पंपवाला, विजेवर चालणारा, चार पॅडचा, टाकीसकट. नंतरचा बिनपंपाचा, म्हणजे प्लेटच्या वजनानंच आतला पिस्टन वर ओढला जातो आणि व्हॅक्यूम तयार होतो तो. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाराही एक प्रकार असतो. तो एका ओळखीच्यांकडे पाहिला, पण कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकत होता, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

मॅग्नेट का नाही, हे विचारणारे भेटतातच. आमचं निम्मं काम डाळ मिलच्या हॉपरचं आणि एलिव्हेटरच्या बॉडीचं, त्यात एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टील, भरपूर. त्याला मॅग्नेट धरत नाही, आणि क्लॅम्प लावला की कडेला ओरखडे. गिऱ्हाईक ओरखडा आधी बघतं, वेल्डिंग नंतर. ज्यांचं सगळं काम एमएसचं (साध्या लोखंडाचं) आणि जाड प्लेटचं आहे त्यांनी खुशाल मॅग्नेट बघावा.

वजन उचलायच्या ताकदीत दोघांत फारसं डावं-उजवं नाही. २०० मिमीचं पॅड म्हणजे साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर. ६० टक्के व्हॅक्यूम धरला तर एका पॅडला १९० किलोच्या आसपास जोर येतो. त्याचं निम्मंच खरं मानायचं, ९५. चार पॅडला ३८०. २५०० बाय १२५०चा पत्रा दर मिलीमीटर जाडीला साडेचोवीस किलो भरतो, म्हणजे १० मिमीची प्लेट २४५ किलो. हा हिशेब प्लेट आडवी असेल तरच. उभी करायची झाली तर सगळं वजन रबराच्या घर्षणावर येतं, त्यात पत्र्याला तेल असलं तर बघायलाच नको. आणि लिफ्टरचं स्वतःचं वजनही क्रेनच्या हूकवरच असतं, हे एक टनी क्रेनवाले हमखास विसरतात.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. साडूंना पुन्हा पुन्हा सांगून झालाय, तरी त्यांना तो किरकोळ वाटतो.

मे महिना होता, दुपारचे अडीच-तीन. भुसावळ-जळगावची मे मधली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शेडचा पत्रा तापून कडकड वाजतो आणि पाण्याचा माठसुद्धा कोमट होतो. ८ मिमीची प्लेट, १९६ किलो, थप्पीवरून उचलून टेबलाकडे चालली होती. छातीएवढी वर. आणि लाइट गेली.

पंप बंद पडला, भोंगा सुरू झाला. इथपर्यंत सगळं माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे. लाइट गेली तरी टाकीतला व्हॅक्यूम काही वेळ माल धरून ठेवतो, झडप उलटी हवा येऊ देत नाही, आणि भोंगा सांगतो की माल खाली घ्या. युरोपातला ईएन १३१५५ हा मानक अशा वेळी निदान पाच मिनिटं माल धरला पाहिजे असं म्हणतो. विकणाऱ्यानंही तेच सांगितलं होतं, "साहेब, आरामात खाली घ्यायला वेळ मिळतो."

खाली घ्यायचा कशानं? होइस्टही, म्हणजे क्रेनचा हूक वर-खाली करणारं यंत्रही, त्याच लाइटवर! लाइट जाताच त्याचा ब्रेक बसला आणि हूक जिथल्या तिथं थांबला. ब्रेक हातानं सोडायची सोय आमच्या होइस्टला नव्हती. म्हणजे भोंगा सांगतोय खाली घ्या, आणि पेंडंटची, म्हणजे क्रेन चालवायच्या लटकत्या डबीची, बटणं मेलेली. आमचा ऑपरेटर तरी दोनदा खालचं बटण दाबून बघत होता. एक नवीन हेल्पर लाकडी ठोकळे घेऊन प्लेटखाली सरकवायला धावला. त्याच्यावर मी आयुष्यात ओरडलो नसेन एवढा ओरडलो, "तठे जाऊ नको भो, मागं ये!" मग आम्ही पाच जण भिंतीला टेकून व्हॅक्यूमच्या गेजचा काटा बघत बसलो. काटा लालकडे सरकताना डोळ्यांना दिसत नाही, पण नजर काढून पुन्हा टाकली की थोडा पुढे गेलेला असतो. माझं लक्ष मात्र एका कोपऱ्यातल्या पॅडवर होतं. त्याच्या रबराला कडेनं केसासारख्या चिरा पडल्या होत्या, बदलायचं बदलायचं म्हणून राहिलं होतं.

चारेक मिनिटांत लाइट आली. प्लेट पडली नाही. कोणाला काही झालं नाही. सगळ्यांना चहा पाजला आणि त्या दिवशी क्रेन बंद ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक उद्योग केला, तुम्हीही विकत घेण्याआधी करून बघा असं सुचवेन. जमिनीवर चार लाकडी स्लीपर मांडले, तीच प्लेट त्यांच्या वर चार बोटं उचलली, मेन स्विच पाडला आणि हातात घड्याळ घेतलं. नवं रबर, स्वच्छ प्लेट: काटा लालला जायला अकरा मिनिटं. तोच प्रयोग पावसाळाभर बाहेर राहिलेल्या, गंजाच्या पापड्या आलेल्या प्लेटवर केला, तर पूर्ण चार मिनिटंही नाहीत. एकच लिफ्टर, एकच ऑपरेटर. माझं घड्याळ काही प्रयोगशाळेचं नाही आणि तुमच्या शेडमध्ये आकडे वेगळे येतील, पण त्या दिवसापासून "पाच मिनिटं मिळतात" हे वाक्य मला ऐकवत नाही. पाच मिनिटं मिळून करायचं काय, हा दुसरा प्रश्न आहेच.

बिनपंपाचा घेतला तो यानंतर. त्याचं काम इंजेक्शनच्या सिरिंजसारखं आहे. पॅड प्लेटवर टेकवायचं, पिस्टन तळाला बसू द्यायचा, मग सावकाश हूक वर घ्यायचा. आधी पिस्टन वर सरकतो, मग प्लेट सुटते. रबराच्या कडेनं थोडी हवा शिरली तर प्लेटचं वजनच पिस्टन आणखी थोडा ओढतं आणि व्हॅक्यूम पुन्हा भरून येतो. लाइटचा संबंधच नाही. ही प्लेट पण स्लीपरवर चार बोटं लटकवली आणि जेवायला गेलो. तासाभरानं आलो तर पिस्टनवरची खूण बोटभर सरकली होती, बस.

पण याचंही कौतुक आंधळेपणानं करत नाही. याला भोंगा नाही. पिस्टनची चाल संपेपर्यंत तो निमूट धरतो आणि चाल संपली की निमूट सोडतो. सूचना काय ती पिस्टनच्या दांड्यावरच्या लाल पट्ट्यावर, आणि आमच्या लिफ्टरवरचा तो पट्टा इतका बारीक होता की ऑपरेटरला दहा फुटांवरून दिसत नव्हता. आम्ही वरून ऑइल पेंटनं ठळक रंगवून घेतला. गंजक्या प्लेटवर हा पट्टा पाव तासात दिसायला लागतो. म्हणजे पापड्या पॉलिश पेपरनं काढणं इथंही चुकत नाही.

दुसरी खोड त्याच्या खटक्याची. एकदा टेकवून साखळी सैल केली की तो पकडीवरून सोडीवर जातो, पुन्हा टेकवली की सोडीवरून पकडीवर. छान सोय आहे, हाताला काम नाही. पण थप्पी वाकडी असेल आणि ऑपरेटरनं अर्धवट टेकवून पुन्हा वर घेतलं, तर लिफ्टर मोकळाच वर येतो. धोका नाही, प्लेट जागेवरच राहते, पण पहिला आठवडा आमच्याकडे दर तासाला एक शिवी हासडली जायची. शिवाय पातळ पत्र्याला तो चालत नाही. त्याला ओढायला वजन लागतं, आणि दीड मिमीचा पत्रा एवढं वजन देतच नाही, उलट मधून धरल्यावर कडा लोंबतात आणि पॅडच्या ओठापासून सोलल्यासारखा सुटतो. तिसरं म्हणजे उंची. पिस्टनचं नळकांडं उभं असतं, हूकखाली जागा खातं. आमची शेड जुनी, बुटकी, टेबलावर घेताना जेमतेम वीतभर सुटते. शेड उंच असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

पंपवाल्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. पातळ पत्र्याला त्याला तोड नाही. आडव्या दांडीवर पॅड पुढे-मागे सरकवता येतात, त्यामुळे पत्रा लोंबत नाही. रोज वेगवेगळ्या मापाचा माल असेल तर वेळही वाचतो. भोंगा आहे, गेज आहे, ऑपरेटरला डोळ्यांसमोर आकडा दिसतो. पण भोंग्याचं एक सांगतो. आमच्या फिल्टरमध्ये ग्राइंडिंगची धूळ आणि हिवाळ्यात शेजारच्या जिनिंगची रुई बसायची. फिल्टर बुजला की व्हॅक्यूम पुरत नाही, भोंगा वाजतो. दिवसातून आठ वेळा वाजायला लागल्यावर एका पठ्ठ्यानं भोंग्यात चिंधी कोंबली. मला महिनाभरानं कळलं, तेही त्या मे महिन्याच्या आधी नशिबानं. फिल्टर दर शनिवारी उघडायचा नियम केला तेव्हा भोंगा शांत झाला. पंपातल्या कार्बनच्या पाती झिजतात, तो खर्च वेगळा.

साडूंचं म्हणणं, "मग पंपाला इन्व्हर्टर लावू की." लावा. बॅटरीवरचे पंपवालेही मिळतात. त्यानं प्लेट पडायची भीती पुष्कळ कमी होते, हे मान्य. पण होइस्ट तसाच मेलेला राहणार आणि प्लेट अधांतरी. फार तर लाइट येईपर्यंत शांतपणे चहा पिता येईल. अख्खी क्रेन जनरेटरवर आपोआप जात असेल तर मात्र माझा निम्मा आक्षेप गळून पडतो, हेही खरं.

दोन्हींपैकी कुठलाही घेतलात तरी काही गोष्टी आमच्याकडे सारख्याच चालतात. पॅड टेकवण्याआधी त्या जागेवरून हात फिरवायचा, पाणी, तेल, वेल्डिंगचे छर्रे काही लागलं तर पुसायचं. उचलताना चार बोटं वर घेऊन दहा मोजायचे. हे दहा मोजणं मी तेलकट सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेल्या) पत्र्यामुळे शिकलो. तेलानं दोन पत्रे एकमेकांना चिकटून वर आले होते, आणि खालचा निम्म्या वाटेत सुटून भिरभिरत फरशीवर आला. आता कोपरा लाकडी हातोडीनं ठोकून, फट दिसल्याशिवाय आम्ही वर घेत नाही. प्लेट हातानं ढकलायची नाही, कोपऱ्याला दोरी बांधून ओढायची, कारण आडवा धक्का बसला की पॅडची कड उचलते. रिकामा लिफ्टर उन्हात ठेवायचा नाही, रबर लवकर चिरतं. आणि प्लेटखाली कोणी जायचं नाही, ठोकळा घेऊनसुद्धा नाही. वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यायची, हे १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २९पासून चालत आलेलं आहे. त्यात नुसती क्रेन येत नाही, हूकखाली लटकणारी साधनंही येतात. तपासणारे आले की लोक क्रेन दाखवतात आणि लिफ्टर कोपऱ्यात झाकून ठेवतात, असं करू नका.

साडूंचं काम ५ ते १२ मिमीचं आहे, शेड उंच आहे, आणि अवधानला लाइट आमच्यापेक्षा बरी असते असं ते म्हणतात. मी त्यांना एवढंच म्हटलं की मे महिन्यात एक दिवस दुपारी जाऊन बसा, मग ठरवा. माझा जुना पंपवाला मी विकला नाही. दीड-दोन मिमीच्या पत्र्याला अजून तोच काढतो. मात्र तो लावला असेल त्या दिवशी पत्रा गुडघ्याच्या वर न्यायचा नाही, आणि थप्पी ट्रॉलीवर टेबलाला लावूनच ठेवायची.