एजंटच्या हातात कुठलं इम्पोर्ट टूल द्यायचं: पांडाज, डकडीबी की पोस्टग्रेसची कॉपी?

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या नऊ वर्षांच्या वर्गणीच्या याद्या वेगवेगळ्या एक्सेल फायलींत पडून होत्या, त्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) काढून एका डेटाबेसमधे भरायचं काम मी एआय एजंटला (स्वतः टूल चालवून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला) द्यायचं ठरवलं आणि तीन रस्ते त्याच याद्यांवर चालवून बघितले. तुम्हीही हेच ठरवत असाल तर वेगाचा विचार सोडा, एवढ्या डेटाला तिन्ही पुरतात. बघायचं हे की चूक झाल्यावर टूल ओरडतं का गप्प बसतं. आपण फाईल उघडतो, डोळ्याला खटकलं की थांबतो, पण टूलनं एजंटला "झालं" सांगितलं की तोही आपल्याला "झालं" सांगतो.

पांडाज (पायथनमधली डेटा हाताळायची लायब्ररी) एजंटला उत्तम येतं, न विचारता स्क्रिप्ट लिहून देतो. पण ते कॉलमचा प्रकार स्वतःच ठरवतं. पावती नंबर ००४७ चा ४७ झाला, इंदूरचा एसटीडी कोड ०७३१ चा ७३१, आणि त्या कॉलममधे एक सेल रिकामा होता म्हणून ७३१.०, आणि कुठेही एरर नाही! एका वर्षाच्या फायलीत मात्र सगळी शून्यं शाबूत होती, मला कळेना असं का, मग सापडलं की खजिनदार काकांनी वहीतून उतरवताना एकच नंबर देवनागरी आकड्यांत टाकला होता, त्यामुळे पांडाजनं अख्खा कॉलम मजकूर म्हणून घेतला. म्हणजे एका वर्षी ००४७ आणि दुसऱ्या वर्षी ४७, जोडायला गेलं की जुळतच नाही. उपाय सोपा आहे, सगळं आधी स्ट्रिंग (मजकूर) म्हणून वाचायचं, पण ते एजंटला प्रत्येक वेळी आठवेल याच्यावर मी तरी विसंबणार नाही.

डकडीबी (सर्व्हर न लावता चालणारा छोटा डेटाबेस) मला मनापासून आवडलं. एका ओळीत फाईल उघडते आणि लगेच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मारता येते. अंदाज तेही करतं, न सांगितल्यास पहिल्या २०,४८० ओळी बघून, आणि शून्यं इथेही जातात, पण पुढे एखादी ओळ त्या अंदाजात बसली नाही तर ओळ नंबर सांगून थांबतं. सगळे कॉलम व्हारचार, म्हणजे मजकूर म्हणून, घ्यायचा ऑप्शन आहे, आणि नापास ओळी वेगळ्या टेबलात ठेवणारा स्टोअर रिजेक्ट्स पण आहे, एजंटसाठी हे फार कामाचं, कारण काय सुटलं ते त्याला वाचता येतं. फाईल एकदा बघून सोडून द्यायची असेल तर हेच घ्या.

पोस्टग्रेस या डेटाबेसची कॉपी, म्हणजे फाईल टेबलात भरायची कमांड, जरा कडक. टेबल आधी बनवा, प्रकार आधी ठरवा, आणि एका ओळीत "१,२३,५००" असा स्वल्पविरामवाला आकडा न्यूमेरिक (आकड्यांच्या) कॉलममधे आला की पूर्ण इम्पोर्ट रद्द, सोबत ओळ नंबर आणि कॉलमचं नाव. आधी वैताग आला, मग लक्षात आलं की एजंटला नेमकं हेच पाहिजे, तो एरर वाचतो, स्वल्पविराम काढतो आणि परत चालवतो. दोन गोष्टी सांभाळा. डेटस्टाईल (तारीख वाचायची सेटिंग) डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, ठेवा, नाहीतर ३ एप्रिलची ०३/०४ गपचूप ४ मार्च होऊ शकते. आणि २०२४ च्या पोस्टग्रेस १७ पासून चुकीच्या ओळी सोडून पुढे जायची सोय आलीये, ती एजंटला देऊच नका, वर्गणीची ओळ गायब झाली तर त्या माणसाला काय उत्तर देणार?

आता डॉक्युमेंटेशन, म्हणजे टूल कसं वापरायचं ते एजंटला लिहून देणं, यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. एमसीपीनं टूल जोडलं (एजंटला बाहेरची टूल जोडायची पद्धत, अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मधे आणलेली) तर मॉडेलला दिसतं ते मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा. मी आधी नुसतं "सीएसव्ही इम्पोर्ट करतं" लिहिलं होतं, एजंटनं कच्ची फाईल थेट मुख्य टेबलात ओतायचा प्रयत्न केला. मग लिहिलं: आधी सगळे कॉलम टेक्स्ट असलेल्या कच्च्या टेबलात भर, पावती नंबर कधीही आकडा नाही, तारीख दिवस-महिना-वर्ष, शंका आली तर थांबून विचार. वागणं लगेच बदललं.

तपासायला तीस ओळींची फाईल बनवली, त्यात हे सगळे खड्डे मुद्दाम पेरले. एजंट काय म्हणतो ते धरायचंच नाही, ओळी किती आल्या आणि रकमेची बेरीज काय हे स्वतः क्वेरी मारून बघायचं, आणि प्रत्येक रस्ता निदान पाच वेळा चालवायचा, कारण एजंट दर वेळी सारखं करत नाही.

मी शेवटी कॉपीच ठेवली, कच्चं टेबल मधे घालून. मुख्य टेबलात साल आणि पावती नंबर मिळून युनिक केलंय, त्यामुळे एजंटनं तीच फाईल परत भरायला घेतली की डेटाबेस तिथेच अडवतो, कोणाचीही वर्गणी दोनदा चढत नाही.