चिखलदऱ्याला तलावाकाठी तंबू बुक करताय? माझे १६,०५१ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहू की नको, यात आठ दिवस गेले. जावईबापूंसमोर खाली गेलेली मान अजून वर आलेली नाही आणि आता तेच चारचौघांत सांगायचं. पण तो माणूस अजून लोकांना लुबाडतो आहे, म्हणून लिहितोच.

मे महिन्यात आमच्या दर्यापूरकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. रात्री बाराला कूलरसमोर बसलं तरी अंगाची आग होते. पुण्याहून बहीण, जावई आणि भाचे सुट्ट्यांसाठी आलेले. पोरांनी धोशा लावला, तंबूत राहायचं. आपल्याकडे थंड हवा म्हटलं की चिखलदराच, सुमारे १,१०० मीटर उंचीवर. मोबाइलवर शोधलं तर तलावाकाठच्या जंगलातला कॅम्प वरच दिसला. फोटो, पाच तारे, शंभरावर अभिप्राय. फोनवरचा माणूस 'दादा दादा' करत इतक्या आदरानं बोलला की संशय यायला जागाच ठेवली नाही.

आम्ही अकरा जण, चार तंबू. तंबूला २,२०० प्रमाणे ८,८०० झाले, निम्मे आगाऊ म्हणून ४,४०० पाठवले. दुसऱ्या दिवशी 'जंगल परवाना' निघाला, माणशी १५० प्रमाणे १,६५०. तेही दिले. मग परत मिळणारं डिपॉझिट, ५,०००. ते पाठवल्यावर म्हणे, आकडा सिस्टीमला जुळला नाही, ५,००१ टाका, आधीचे पाच हजार लगेच परत येतील. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एकूण १६,०५१.

मी अडाणी नाही हो. कापसाचा चुकारा, खत-बियाण्याचे पैसे, सगळं वर्षानुवर्षं मोबाइलवरच करतो. कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. आणि घरात पाहुणे असताना, पोरं दर दहा मिनिटांनी 'मामा, झालं का बुकिंग' विचारत असताना, कोण एवढं तपासत बसतो?

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. पहिले पैसे पाठवायच्या आधी सातवीतली भाची माझ्या खांद्यावरून फोटो पाहत होती. म्हणाली, "मामा, ही झाडं तर देवदारासारखी दिसतात. आम्ही मनालीला पाहिली होती." फोटोत तळ्यामागे उंच, टोकदार, काळपट हिरवी झाडं सरळ रांगेत उभी होती. मेळघाट म्हणजे सागाचं जंगल. उन्हाळ्यात सागाची पानं झडून खाली करकर वाजतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. देवदार इथं कुठून येणार? आणि मी त्या पोरीला म्हणालो, "तू गप बस, लावले असतील." शिवाय पैसे पाठवायला कोड स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्या तरी मोबाइल शॉपीचं. कॅम्पचे पैसे मोबाइल शॉपीला कशाला? तेही वाचलं आणि पिन दाबला.

परतवाड्याहून घाट चढेपर्यंत तो फोन उचलत होता. वर पोचलो आणि नंबर बंद. शक्कर तलाव पाहिला, काळापाणी तलाव पाहिला. तंबू नाही, पाटी नाही. चहावाल्यानं पोरांना पाणी दिलं आणि म्हणाला, "भाऊ, हाच फोटो दाखवत आलेले या महिन्यात तुम्ही तिसरे." रात्र पडत आली होती. शेवटी लॉजच्या खोल्यांचे पैसे जावईबापूंनी दिले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता पुढचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, बऱ्याच वेळानं लागला. तक्रार क्रमांक मिळाला. पैसे गेल्या गेल्या, पहिल्या तासाभरातच हा नंबर लावा. मला कळेपर्यंत दोन दिवस उलटले होते. पोलीस ठाण्यात गेलो तर एक म्हणतो घटना तिकडची, तिकडे जा. तिकडचे म्हणतात पैसे घरून पाठवले ना, मग तुमच्याच ठाण्यात. अरे, हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. मी हे बोललो तर साहेब म्हणाले, "सोळा हजारांसाठी एवढं? लोकांचे लाखो जातात." सोळा हजार म्हणजे माझ्या दोन एकरांचं बियाणं आणि खत आहे! बँकेत तर मॅनेजरनं मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. तीन चकरा, तीन अर्ज. त्या मोबाइल शॉपीचं खातं गोठवा एवढंच मागत होतो. कोणाचंही खातं असं गोठवता येत नाही म्हणे. मग माझं खातं रिकामं होताना नियम कुठे होते?

वन विभागाची राहायची सोय सेमाडोहला आहे, कोलकासला आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून बुक करा. परवान्याचे पैसे कोणा खासगी नंबरवर मागितले तर फोन ठेवा. चिखलदऱ्यात ओळखीचं कोणी असेल तर आधी जागेवर पाठवून बघा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर तलाव दाखवायला सांगा. परत मिळणाऱ्या पैशांसाठी आधी पैसे भरायला लावले की समजून जा. आणि लेकरू काही म्हणत असेल तर ऐका.

मोबाइलवरच्या कॅम्पच्या त्या पेजची मी चार वेळा तक्रार केली. काल रात्री पुन्हा उघडून पाहिलं. तेच तळं, तेच देवदार. तंबूचा भाव फक्त २,२०० चा २,५०० केला आहे.