‘सनशाइन डेड्रीम’ की ‘द हू’चं आयल ऑफ वाइट? हिप्पी काळातली एकच कॉन्सर्ट फिल्म पाहायची असेल तर

‘वुडस्टॉक’ ही त्याच नावाच्या महोत्सवाची फिल्म पाहून झाली, आता पुढे काय बघू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: त्यात जास्त काय आवडलं, बँड की माणसं? तीन तासांच्या त्या फिल्ममध्ये दोन्ही आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. एखादा बँड रंगात येतो न येतो तोच पडद्यावर पुढचा उभा. म्हणून दुसरी फिल्म एकाच बँडची घ्यावी. ती घ्यायची म्हटली की माझ्या मते दोनच नावांत खरी चुरस आहे. एक, ग्रेटफुल डेडची ‘सनशाइन डेड्रीम’, मैफल २७ ऑगस्ट १९७२ची, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली. दुसरी, मरी लर्नरने चित्रित केलेली ‘द हू’ची आयल ऑफ वाइट महोत्सवाची फिल्म, मैफल ३० ऑगस्ट १९७०च्या पहाटेची, इंग्लंडमधली.

दोन्ही दीड तासाच्या आसपास. दोन्ही मैफली उघड्या माळावरच्या, दोन्ही बँड ऐन भरात. दोन्ही फिल्म्स वर्षानुवर्षं डब्यात पडून होत्या; ‘द हू’ची नव्वदच्या दशकात बाहेर आली, डेडची तर थेट २०१३मध्ये. साम्य इथेच संपतं.

डेडच्या मैफलीचं निमित्त होतं दही. कादंबरीकार केन केसी, म्हणजे रंगवलेल्या बसमधून एलएसडी या नशेच्या द्रव्याचा प्रसार करत अमेरिका पालथी घालणाऱ्या टोळीचा म्होरक्या, त्याचा धाकटा भाऊ चक आणि चकची बायको सू हे युजीन शहराजवळ स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची डेअरी चालवत. डेअरी कर्जात बुडायला आली, तेव्हा चक थेट बँडकडे गेला आणि मदतनिधीसाठी मैफल ठरली. केसीच्या सुरुवातीच्या ‘अ‍ॅसिड टेस्ट’ नावाच्या एलएसडी पार्ट्यांमध्ये वाजवूनच हा बँड घडला होता, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. तिकिटं छापली दह्याच्या डब्यांच्या लेबलांवर, आगाऊ घेतलं तर तीन डॉलर. व्हेनेटा गावाजवळच्या मैदानात वीसेक हजार लोक जमले. डेअरी वाचली, आणि तिचं ‘नॅन्सीज’ नावाचं दही अजूनही अमेरिकेत विकलं जातं.

त्या दिवशी पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे गेला. म्हणजे अडतीस अंश. नागपूरकर हसतील, पण ओरेगनच्या माणसाला एवढ्या उन्हाची सवय नसते. पाण्याची सोय तोकडी. त्यात स्टेजचं तोंड पश्चिमेकडे केलेलं, त्यामुळे दुपार कलली तसं ऊन सरळ वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांत. गिटारींच्या तारा तापून सारख्या उतरत होत्या. मैफल म्हणून हे सगळं वाईट, फिल्म म्हणून मात्र घबाड! डेडचा गिटारवादक जेरी गार्सियाचा चेहरा सगळा वेळ उजेडात आहे, डोळे किलकिले, कपाळावर घाम, आणि तरी बोटं निवांत. समोरचं पब्लिक एकेक कपडा उतरवत गेलेलं. स्टेजच्या मागे एक खांब आहे, त्यावर एक पूर्ण नागडा माणूस चढून बसलाय आणि तिथूनच डुलतोय. कॅमेरा गार्सियावर असला तरी तो फ्रेममध्ये येतच राहतो, आणि थोड्या वेळाने तुम्ही गार्सियाला सोडून त्यालाच शोधू लागता. (हे ध्यानात ठेवून हॉलमधल्या टीव्हीवर लावा. घरात वडीलधारी माणसं असतील तर दाराला कडी घातलेली बरी.)

ही फिल्म करणारे फिल डिग्वेअर, सॅम फील्ड, जॉन नॉरिस हे त्याच वर्तुळातले तरुण. त्यामुळे कॅमेरा पाहुण्यासारखा लांब उभा राहत नाही, गर्दीत मिसळून फिरतो. पोरंसोरं, धूळ, नाचणारे, सावली शोधणारे. सुरुवातीला केसीच्या बसची जुनी दृश्यंही जोडली आहेत. दीड तासात तुम्हाला एक सबंध दिवस मिळतो, दुपारपासून सूर्य कलेपर्यंत. तो दिवस ऐकूही येतो, कारण स्टेजवरून मधूनमधून घोषणा चालूच असतात.

आता आयल ऑफ वाइट. तिथला महोत्सव इतका कडवट होता की हिप्पी काळाचं श्राद्धच म्हणावं. पाच दिवसांचं तिकीट तीन पौंड. मैदानाभोवती आयोजकांनी पत्र्याची भिंत घातली, आणि तिकीट नसलेले हजारो लोक शेजारच्या टेकडीवर तळ ठोकून वरून फुकट ऐकू लागले. संगीत फुकट हवं की पैसे घेऊन, यावरून रोज भांडणं. पत्रे तोडले गेले, जोनी मिचेलच्या गाण्यात व्यत्यय आला, शेवटी महोत्सव सगळ्यांना खुला जाहीर करावा लागला. आकड्यांवर वाद आहे, पण नेहमी सांगितला जातो तो सहा लाखांचा. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने त्या बेटावर पाच हजारांहून मोठा जमाव भरवण्यावर बंधनं घालणारा खास कायदा केला, आणि महोत्सव परत सुरू व्हायला २००२ उजाडलं.

यातलं ‘द हू’च्या फिल्ममध्ये काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. बँड स्टेजवर आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. समोर मिट्ट काळोख, काळोखात चार माणसं, आणि लर्नरचे कॅमेरे त्यांच्या अगदी अंगाशी. ज्याला महोत्सव पाहायचाय त्याची इथे निराशा होणार. त्याने लर्नरचीच ‘मेसेज टु लव्ह’ शोधावी, भांडणं सगळी तिथे आहेत. पण ज्याला बँड कसा वाजवतो ते पाहायचंय, त्याला एवढी स्वच्छ संधी दुसरीकडे मिळणं कठीण. पीट टाउनझेंड पांढऱ्या बॉयलर सूटमध्ये, हात गरगर फिरवत तारांवर आपटणारा. रॉजर डॉल्ट्री झालरीच्या जाकिटात, माइकची वायर धरून माइक गोफणीसारखा फिरवणारा. कीथ मून ड्रम्सवर तुटून पडलेला. आणि बासवर जॉन एन्टविसल, अंगावर हाडांचा सापळा रंगवलेला काळा पोशाख, पण स्वतः खांबासारखा स्थिर. बाकी तिघं उड्या मारतात, तेव्हा सगळं गाणं खरं तर याच्या बोटांनी धरून ठेवलेलं असतं. हे कानाला नुसतं कळत नाही. फिल्ममध्ये एकदा त्याच्या उजव्या हाताकडे बघा, मग कळेल.

‘टॉमी’ हा त्यांचा रॉक ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून सांगितलेली एक सलग गोष्ट, तोवर सव्वा वर्षाचा झाला होता आणि बँडला तोंडपाठ होता. फिल्मचा शेवटही त्याच्याच शेवटच्या गाण्याने होतो. गाणं टिपेला पोचतं तेव्हा प्रचंड झोत प्रेक्षकांवर वळवले जातात आणि इतका वेळ जो काळोख होता तिथे एकदम माणसांचा समुद्र दिसतो. सबंध फिल्ममधली गर्दीची सगळ्यात मोठी झलक हीच. एक मात्र सांगायला हवं: प्रत्यक्ष मैफलीत ‘टॉमी’ मधल्या भागात होता, त्यानंतरही बरीच गाणी झाली. फिल्मने क्रम बदलून तो शेवटी नेला आहे. नाट्य वाढलंय, पण मैफलीचा खरा चढउतार हरवलाय. तो हवा असेल तर १९९६मध्ये आलेल्या दोन सीडी ऐका.

मराठी वाचकासाठी इथे एक खास धागा आहे. ‘टॉमी’च्या १९६९च्या रेकॉर्डच्या श्रेयनामावलीत ‘अवतार: मेहेर बाबा’ असं छापलेलं आहे. पुण्यात जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादला समाधिस्थ असलेले हेच ते मेहेर बाबा. टाउनझेंड त्यांचा भक्त झाला तो साधारण त्या रेकॉर्डच्या तयारीच्या काळात. बाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत. आणि रेकॉर्डचा नायक बोलू, ऐकू, पाहू न शकणारा मुलगा, जो पुढे गुरू बनतो आणि ज्याचे शिष्यच शेवटी त्याच्यावर उलटतात. एलएसडीने देव भेटत नाही, असं बाबांनी अमेरिकी तरुणांना बजावून सांगितलं होतं. टाउनझेंडने तर १९६७मध्ये मॉन्टेरे महोत्सवाहून परतताना विमानात घेतलेल्या नशेच्या एका गोळीचा असा धसका घेतला की त्या वाटेला तो पुन्हा गेला नाही. म्हणजे बघा, एक फिल्म एलएसडीचे डोस वाटणाऱ्या टोळीच्या घरची, आणि दुसरी ज्याने तो मार्ग सोडला त्याची. वाजवण्यातही हा फरक जाणवतो असं मला वाटतं, पण तो वाद ज्याचा त्याने घालावा.

वाजवण्याचं म्हणाल तर डेडकडे दुसऱ्याच अपेक्षेने जावं लागतं. स्टेजवर कुणी उडी मारत नाही. बरेचदा कुणी प्रेक्षकांकडे बघतही नाही. या मैफलीत त्यांचा दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट नाही (तो १९७१ ते ७४ बँडबाहेर होता, अल्लारखाँसाहेबांकडे तबला समजून घेणारा आणि पुढे झाकिर हुसेनबरोबर वाजवणारा तो हाच). एकटा बिल क्रॉइट्झमन ड्रम्सवर असल्यामुळे ताल हलका, वाहता आहे. नवख्याने ‘चायना कॅट सनफ्लॉवर’ आणि त्याला जोडून येणारं ‘आय नो यू रायडर’ इथून सुरुवात करावी. एक गाणं संपून दुसरं सुरू होतं असं होतच नाही. मध्ये काही मिनिटं दोन्ही गाणी एकाच वेळी जिवंत असतात, गार्सिया आणि दुसरा गिटारवादक बॉब वीअर एकमेकांना वाट देत सरकत राहतात, आणि फिल लेशचा बास कोणत्या गाण्यात आहे ते नक्की सांगता येत नाही. ते आवडलं तर पुढचा प्रवास सोपा.

कारण पुढे ‘डार्क स्टार’ आहे. मैफलीत तो अर्धा तास चालला. शब्द जेमतेम चार ओळी, बाकी सगळा विस्तार, आणि मधे मधे ताल पार विरघळून जातो. विलंबित ख्याल ऐकायची सवय असलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट रॉक म्हणजे नुसता गोंगाट म्हणणाऱ्या एखाद्या शास्त्रीयवाल्या काकांना हेच ऐकवावं. माझी तक्रार फिल्मकारांबद्दल आहे: ऐन ‘डार्क स्टार’मध्ये त्यांनी रंगीबेरंगी अ‍ॅनिमेशन घुसडलंय. सहा माणसं एकमेकांना कशी ऐकतायत ते पाहायच्या वेळीच पडद्यावर भलतीच चित्रं नाचू लागतात. काहींना ते काळाला साजेसं वाटतं. मी त्या वेळी डोळे मिटून घेतो.

ध्वनी दोन्हीकडे उत्तम आहे, कारण दोन्हीकडे मूळ मुद्रण अनेक ट्रॅक्सवर झालं होतं. फोनच्या स्पीकरवर मात्र दोन्ही वाया जातात, त्यातही एन्टविसल आणि लेश साफ गायब होतात. बरा हेडफोन तरी हवा. डेडचा संच घेतलात तर फिल्मबरोबर सगळी मैफल तीन सीडींवर येते, आणि खरं सांगायचं तर फिल्मपेक्षा त्या सीडी जास्त वेळा ऐकल्या जातात.

तर निवड. रॉक फारसं ऐकलेलं नाही, मित्रांसोबत शनिवारी रात्री मोठ्या पडद्यावर काहीतरी दणदणीत बघायचंय, तर ‘द हू’. पहिल्या पाच मिनिटांत पकड बसते, इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी अडत नाही. स्वतः गिटार, बास किंवा ड्रम्स वाजवत असाल तरी तीच, कारण हात दिसतात. पण ज्यांना त्या काळाबद्दल कुतूहल आहे, कपडे, चेहरे, ऊन, वेडेपणा, हे सगळं कसं होतं आणि त्यातलं किती खरं होतं असं वाटतं, त्यांनी ‘सनशाइन डेड्रीम’ घ्यावी, आणि एकट्याने, दुपारी, घाई नसताना पाहावी. मला दोन्हींपैकी एकच ठेवायला सांगितली तर मी डेडची ठेवेन. ‘द हू’ची मी दुसऱ्या कुणाला दाखवायला लावतो, ही स्वतःसाठी लावतो.

‘द डोअर्स’ची आयल ऑफ वाइटची फिल्म २०१८मध्ये आली आहे, त्याच रात्रीची, ‘द हू’च्या आधीची. प्रकाश इतका कमी की त्यांचा गायक जिम मॉरिसन लाल अंधारात उभा राहून गातो, हलत नाही. चाहते असाल तरच. रोलिंग स्टोन्सची ‘गिमे शेल्टर’ मोठी फिल्म आहे, पण तिच्यात कॅमेऱ्यासमोर माणूस मारला जातो. ती या यादीत बसत नाही, ती वेगळ्या दिवशी पाहायची.

आणि अजून ठरत नसेल, दीड तासही जड वाटत असेल, तर ‘मॉन्टेरे पॉप’ बघा. ऐंशी मिनिटांच्या आत संपते. ‘द हू’ तिथे गिटार फोडताना दिसतात. डेडही त्याच संध्याकाळी वाजवून गेले, पण त्यांनी चित्रीकरणाला नकार दिला, म्हणून ते फिल्ममध्ये नाहीत. आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं सलग रविशंकर आणि अल्लारखाँ आहेत, तेवढ्यासाठी तरी ती चुकवू नका.